बाईंची शिट्टी

“आई, पाणी फार गार आहे. उद्या बघू ना!”

“उद्या काय समुद्र तापवून ठेवणार आहेस?” बाईंनी सुनेला गप्प केले आणि फळी काखोटीला मारली.

या किनाऱ्याला धड लाट नव्हती. सर्फिंगमध्ये मुरलेली मंडळी इकडे फिरकत नसत. ‘तिथली लाट चपला भिजवायला येते,’ म्हणून हसत. त्याच गरीब लाटेवर बाईंनी एकतीस वर्षे नवशिक्यांना फळीवर उभे केले होते. नियम त्यांचाच होता: हंगामाच्या पहिल्या दिवशी, वर्गाआधी, शिकवणाऱ्याने तीन लाटांत एकदा तरी उभे राहून दाखवायचे. न जमल्यास शिट्टी उतरवायची. या नियमाने दोघे जण घरी बसले होते. त्यांतला एक बाईंचा सख्खा भाऊ. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज पाळी बाईंची स्वतःची होती.

पहिल्या लाटेने त्यांना सरळ लोळवले. दुसरीवर एक पाय पुढे आला, दुसऱ्याने ऐकले नाही. मग बराच वेळ समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित राहिला. बाई फळीवर पालथ्या पडून वाट पाहत होत्या. घाई कसलीच नव्हती.

शेवटची लाटही नेहमीसारखीच आली, जेमतेम गुडघ्याएवढी. फळी वाळूला लागली तेव्हा बाईंचा एक गुडघा अजून फळीवरच टेकलेला होता.

सून पाठमोरी उभी होती.

“मी काही पाहिलंच नाही हं, आई. फळ्या पुसत होते. अजून एक घ्या.”

“खोटं बोलायला कुठे शिकलीस? माहेरी?”

“इथेच. तोंडावर आपटलेल्यांना ‘छान, छान’ कोण म्हणतं?”

बाईंनी तोंड पुसण्याच्या निमित्ताने हसू लपवले. मग ओली दोरी डोक्यावरून काढून शिट्टी सुनेच्या गळ्यात घातली.

“तू पहाटे पहिल्याच लाटेवर उभी राहिलीस, ते मी पाहिलंय. आणि आत्ताचा माझा टेकलेला गुडघाही पाहिलाय.”

नऊ वाजता नवे विद्यार्थी वाळूवर आपापल्या फळीशी ओळीने उभे राहिले. शिट्टी जरा कापरीच वाजली.

“पालथे पडा! नजर समोर!”

सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. ओळीच्या टोकाला मात्र बाई सावकाश आपल्या फळीवर पालथ्या झाल्या, हनुवटी उचलली आणि समुद्राकडे नजर लावून पुढच्या हुकमाची वाट पाहू लागल्या.