लाल फाशाच्या पोटातला बुडबुडा

मी एक जुना लाल फासा आहे. मला वीस तोंडं आहेत, पण त्यातल्या एकालाही बोलता येत नाही. आलं असतं, तर पायसांदू गावातल्या एका अंगणातला अकरा वर्षांचा घरोबा मोडला नसता. मित्रांनो, मला जे सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म सुसानाच्या स्वयंपाकघरात झाला. दुकानातले फासे तिला आवडत नसत, म्हणून तिने साच्यात लाल राळ ओतून मला घडवलं. घाईघाईत हवेचा एक बारीक बुडबुडा माझ्या पोटात, वीस आकड्याच्या अगदी खाली, अडकून राहिला. लाल रंगात तो कोणाला दिसला नाही, आणि मलाही तो तेव्हा टोचला नाही.

सुसानाने मला आपल्या धाकट्या भावाला, एल्बियोला, दिलं. दर शनिवारी दुपारची झोप झाली की द्राक्षवेलीच्या मांडवाखाली तिघांचा खेळ रंगे. सुसाना गोष्ट रचून सांगे, आणि पुढे काय होणार ते माझ्या आकड्यावर ठरे; वीस म्हणजे हमखास जीत. एल्बियो त्या गोष्टीतला मांत्रिक होई, आणि त्याची बालमैत्रीण नाइर अलोन्द्रा नावाची वैदू होई. एरवी नाइर इस्पितळात लोकांचं रक्त तपासणीसाठी काढते. एल्बियोला या दोघींखेरीज जिवाभावाचं कोणी नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आठवडाभर मी त्याच्या खिशात असे आणि तो खिसा त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापलीकडे कुठे जात नसे.

एका शनिवारी मांत्रिक हरायला आला, तेव्हा सुसानाने त्याच्यापुढे सैतान उभा केला. तो सैतानही आमच्यासारखाच मांडी ठोकून, हातात भोपळी, म्हणजे पोकळ भोपळ्याचा पेला, घेऊन बसला होता. फक्त भोपळीत माटे, म्हणजे आमचं चहासारखं कडू पेय, नव्हतं, रक्त होतं.

"पितोस तोवर जिंकशील," सुसाना घोगऱ्या आवाजात म्हणाली. "भरायला रक्त मात्र तू आणायचंस. पुरे झालं की भोपळी परत देताना ग्रासियास म्हण. सुटलास!"

"हा सैतान आपल्याच गल्लीतला दिसतोय गं!" नाइर हसत म्हणाली.

आमच्याकडे एकाच भोपळीतून, एकाच नळीने सगळे पाळीपाळीने माटे पितात. परत देताना ग्रासियास, म्हणजे आभारी आहे, म्हटलं की त्याचा अर्थ 'मला आता नको'. मग तुमची पाळी येत नाही. नवखा पाहुणा भलेपणाने आभार मानतो आणि उरलेली दुपार कोरडा बसतो.

मांत्रिकाने आधी स्वतःचं रक्त दिलं. "आपलंच देतोय ना, देऊ दे बापड्याला," नाइर म्हणाली. "मीही इस्पितळात देतेच की." मग त्याने कैद्यांचं दिलं. मग एका अख्ख्या गावाचं.

"अरे, गावाचं कसलं देतोस?" नाइरने विचारलं.

"त्यांना नावं तरी आहेत का?"

"तू विचारलीस का कधी?"

एल्बियोने मला फेकलं. वीस पडला. जवळजवळ दर वेळी वीसच पडे, आणि तो माझा मुका घेई. कौतुकाने मीही फुगलो होतो. हे सगळं माझंच कर्तृत्व आहे असं मला वाटे.

पुढे एल्बियोलाच शंका आली. एका मंगळवारी दुकानात त्याने पेल्यात भरपूर मीठ विरघळवलं आणि मला आत सोडलं. मी तरंगलो, बुडबुड्याची बाजू हलकी म्हणून वीस आकडा वर. त्याने मला बोटाने उलटं केलं, मी पुन्हा फिरून वीस दाखवला. मला वाटलं, आता हा दोघींना सांगेल. त्याने मला सदऱ्याला पुसलं आणि खिशात टाकलं. खरा करार त्या दिवशी झाला, आणि तिथे सैतान नव्हता.

त्या शनिवारी गोष्ट शेवटच्या दरवाजाशी आली. सैतानाने मागितलं, 'तुझ्यावर विश्वास टाकणाऱ्याचं रक्त.' गोष्टीत अलोन्द्रा झोपली होती आणि मांत्रिक पहाऱ्यावर होता. नाइर पाणी तापवायला आत गेली होती.

"अलोन्द्राचं देतो," एल्बियो म्हणाला.

"नाइरला येऊ दे. नाहीतर ग्रासियास म्हण, अजून सुटशील," सुसाना म्हणाली.

"इतक्या जवळ येऊन?" त्याने मला फेकलं.

मी जीव तोडून दुसऱ्या अंगावर पडायला पाहिलं. पण बुडबुड्याने मला फिरवलं. वीस. गोष्टीतला दरवाजा उघडला, आणि नाइर गरम पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा अलोन्द्रा मेली होती.

"अगं, खेळच तर आहे! दुसरी वैदू घे," एल्बियो म्हणाला.

"खेळ आहे हे मला कळत नाही होय? खरं रक्त मी रोज बघते. पण सुई टोचायच्या आधी विचारते रे, काढू का म्हणून. मी तुमच्यासाठी पाणी तापवत होते, तू मला हाकसुद्धा मारली नाहीस."

मी त्याच्या मुठीत होतो. माझं गुपित त्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. नाइर आपलं माटे तळापर्यंत प्यायली आणि भोपळी सुसानाच्या हातात देऊन हळूच म्हणाली, "ग्रासियास." मग पिशवी उचलून ती निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

आता मांडवाखाली कोणी बसत नाही. शनिवारी एल्बियो दुकानात एकटाच मला फेकतो. "वीस पडला तर नाइर येईल," असं पुटपुटतो. वीस पडतो. तो हसून दाराकडे बघतो. वीस का पडतो, हे त्याला माहीत आहे. मला त्याच्या त्या हसण्याची भीती वाटते. गेल्या खेपेला चाकाची तार लागून त्याचं बोट कापलं होतं. त्याने ते पुसलं नाही, तशाच रक्ताळलेल्या हाताने मला उचललं.

मित्रांनो, तुमच्या खेळात सैतान खुशाल येऊ द्या. पण दुसऱ्याचं काही देण्याआधी त्याला हाक मारा. आणि आपला फासा खोटा आहे हे कळलं, तर त्याच दिवशी सांगा. मला एल्बियोशी एकदाच बोलता आलं, तर मी एकच शब्द म्हणेन, ग्रासियास. पण एल्बियोने आता मूठ वळली आहे, आणि वीसच पडणार आहे.