चौथा स्क्रू

“सत्तेचाळीस मिनिटं झाली!” घड्याळवाल्या साहेबांचा आवाज शिरस्त्राणात घुमला. “चौथा स्क्रू निघतोय, की आम्ही जेवून येऊ?”

पाण्याच्या टाकीत, खोट्या उपग्रहासमोर लोंबकळणाऱ्या पाणकोंबड्याने दात आवळले. बारा वर्षं अंतराळपोशाख चढवून पाण्यात काढलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? यानाबाहेर पडून सैनिकाने उपग्रह दुरुस्त करावा की नाही, हे लष्कराची समिती आज ठरवणार होती. हाच स्क्रू सकाळी यंत्रहाताला निघाला नव्हता. दोनदा गरगरला, लाल दिवा लागला, कारभार आटोपला.

फुगलेल्या हातमोज्यात मूठ वळणं म्हणजे फुटबॉल पिळणं. पंधरा दिवसांच्या सरावात नखं काळीनिळी झाली होती. त्याने स्क्रू आधी किंचित उलट आवळला, बोटांना बारीकशी कुरकुर लागली, मग हळूच सोडवला. निघाला!

वर आल्यावर डोकंसुद्धा न पुसता तो साहेबांपुढे उभा राहिला. “साहेब, यंत्राला नाही निघाला तो मला निघाला. लिहिलंत ना?”

“वेळ, धोका, शत्रूच्या नजरेत येणं. एवढेच रकाने आहेत बाबा. तुझी नुसती तयारीच चार तासांची. तोवर शत्रू काय चहा पीत बसणार?”

खोटं नव्हतं. तेच तर जिवाला लागत होतं.

“मग माणूस नको म्हणा. टाकी बंद करा. पण ती एक ओळ तरी घाला, तळटीप म्हणून.”

“तळटीप वाचतंय कोण?” साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कागदावर वरच लिहिलेलं होतं : माणूस उपयुक्त नाही.

घरी आई मोडका चष्मा घेऊन वाटच बघत होती. “पंधरा दिवस झाले, आंधळी कोशिंबीर खेळतेय मी. दुकानदार म्हणतो, स्क्रू बसत नाही, नवाच घ्या. तू आज काय केलंस?”

“एक स्क्रू काढला.”

“एकच? दिवसभरात? आणि मी जगाला सांगते, मुलगा अंतराळाचं काम करतो!”

तो चष्मा घेऊन दिव्याखाली बसला. मुंगीएवढा तो स्क्रू त्याने आधी उलट फिरवला, कुरकुर लागेपर्यंत थांबला, मग आवळला. काडी घट्ट बसली.

आईने चष्मा चढवला. भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. एकेक बोट उलटंसुलटं करत ती बराच वेळ पाहत राहिली.

“दुखतं का रे?”

बारा वर्षांत कुठल्याच रकान्यात हे विचारलेलं नव्हतं. त्याने हात तिच्या हातात तसाच राहू दिला.