तोक्तोसुनच्या हातचा थेंबांचा फिल्टर

मित्रांनो, मला ना खोकं, ना लेबल, ना हमीपत्र. मी एक जुना घरगुती फिल्टर आहे. बिश्केकमधल्या एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, माशाच्या काचपेटीमागे मी उभा असतो. माझं अंग म्हणजे मोरीच्या पाइपाचा तुकडा, आणि पोटात सलाइनची लांबलचक नळी गुंडाळलेली.

मला घडवलं बसचालक तोक्तोसुनने, तेही बातिरसाठी. बातिर म्हणजे केशरी रंगाचा लठ्ठ गोल्डफिश. तोक्तोसुनची मुलगी आयचुरेक नोकरीसाठी मॉस्कोला गेली, तेव्हा त्याला आईबापांच्या हवाली करून गेली. फोनवर तिचा पहिला प्रश्न बातिरचाच असे. तिच्या आईने, बुरूलचाने, मनाशी पक्कं धरलं होतं की हा मासा जिवंत आहे तोवर पोरीला घराची ओढ राहील.

पण या घरातून कुणी उपाशी जात नाही, आणि त्यात मासाही आला. येणारा-जाणारा त्याला नानचा तुकडा टाकायचा. त्या खाण्याची घाण होते आणि घाणीतून शेवटी पाण्यात नायट्रेट साठतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, पण मासा झुरतो. बातिर कोपऱ्यात पडून राहू लागला, तेव्हा तोक्तोसुनने मला बांधायला घेतलं.

माझं काम संथ. पाणी नळीतून इतकं हळू, थेंबाथेंबाने सरकतं की त्यातला प्राणवायू संपून जातो. मग माझ्या पोटातले जिवाणू नायट्रेट फोडतात आणि त्याचा निरुपद्रवी वायू करून सोडतात. त्यांच्या खुराकाला रोज व्होडकाचे चार थेंब लागतात. तोक्तोसुन स्वतः दारूला शिवत नाही, त्यामुळे शेजारी हसायचे. बुरूलचा तर म्हणायची, "लोक गळका नळ दुरुस्त करतात, आमचे हे मुद्दाम बांधतात." पण बातिर पुन्हा पोहू लागला, आणि मग तीच पाहुण्यांना माझ्यापुढे आणून माझे गोडवे गाऊ लागली.

हे कौतुकच भोवलं. नौरोजला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, तिचा थोरला भाऊ जानुझाक मित्रांना घेऊन जेवायला आला. मटण झालं, पेले उचलून शुभेच्छा देणं सुरू झालं.

"म्हणजे या घरात पिणारा हा एकटाच?" जानुझाक माझ्याकडे बघून म्हणाला. "आणि त्यालाही थेंबाथेंबाने पाजता? काय हे दाजी, घराण्याची अब्रू घालवलीत."

"त्याला तेवढंच सोसतं," तोक्तोसुन म्हणाला.

पण जानुझाक उठलाच होता. "आमची आयचुरेक सुखरूप घरी येवो," असं म्हणत त्याने व्होडकाचा अख्खा पेला माझ्या डोक्यावरच्या भोकात ओतला. त्याच्यामागून बाकीचेही उठले. पोरीच्या नावाने दिलेला आशीर्वाद अडवायचा तरी कसा?

सकाळी बघतात तर पेटीतलं पाणी दुधासारखं पांढरं. जिवाणू बेसुमार माजले होते आणि त्यांनी सगळा प्राणवायू फस्त केला होता. बातिर वर येऊन तोंड वासत होता. मला फार वाईट वाटलं. नेमका तेव्हाच आयचुरेकचा फोन आला.

"बातिर कुठंय?"

"झोपलाय," बुरूलचा म्हणाली.

"तुझा आवाज असा का येतोय? आई, खरं सांग."

बुरूलचा रडायलाच लागली.

तोक्तोसुनने मला बंद केलं आणि तो टबात साठवलेलं पाणी बादल्यांनी आणायला लागला. जानुझाक डोकं धरून दारात आला. "दादा, आशीर्वाद देऊन झाले असतील तर बादली उचल," बुरूलचा म्हणाली. त्याने लगेच उचलली. संध्याकाळपर्यंत बातिर सावरला. माझी मात्र बाल्कनीत रवानगी झाली, आणि तिथे मी धूळ खात पडलो. माझं काम बुरूलचाच्या हातांवर आलं, ती रोज बादल्यांनी पेटीतलं पाणी बदलू लागली.

मग एके दिवशी आयचुरेक रजा काढून घरी आली. आपलाच आशीर्वाद फळला, असं जानुझाक गावभर सांगत सुटला. बुरूलचाने लेकीला चहासुद्धा दिला नाही, हाताला धरून आधी पेटीपाशी नेलं.

"बघ, जिवंत आहे. आम्ही त्याला मरू दिलं नाही."

आयचुरेकने बातिरकडे पाहिलं, मग आईच्या भेगाळलेल्या हातांकडे.

"आई, तो मेला असता तरी मी आले असते गं."

"आम्हाला कुठे माहीत होतं?" बुरूलचा म्हणाली.

आयचुरेकने मला पुसून पुन्हा जागेवर बसवलं. मित्रांनो, मला जपणं सोपं आहे, रोज चार थेंब पुरतात. पण तुम्ही परत यावं म्हणून तुमच्याही घरी कुणीतरी तुमची एखादी वस्तू जिवापाड सांभाळत बसलं असेल. त्यांना एकदा सांगून टाका, की तुम्ही येता ते त्यांच्यासाठी.