काचेची आतली बाजू

सूटची चेन एका झटक्यात वर गेली आणि माझं डोकंच सटकलं.

पूर्वी ती चेन लावायची म्हणजे कुस्ती असायची. आईच्या पाठीत गुडघा रोवायचा, दोन्ही हातांनी ओढायचं, आणि ती ओरडायची, "अगं, माणूस आहे मी, गादीची खोळ नाही!" आज तो काळा रबरी सूट तिच्या अंगावर लोंबत होता.

"आई, नको जाऊस."

"शिशाच्या वजनांचा पट्टा दे इकडे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी पण ऐकलंय. बहिरी नाहीये मी."

"मग मुकी हो थोडा वेळ."

मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीत उतरून काच आतून घासायची आणि माशांना चारायचं, हे आईचं काम. टाकी दोन मजली खोल. माझ्या जन्माआधीपासून ती तिथे उतरतेय. मग न्यूमोनिया झाला, छातीत पाणी भरलं. दवाखान्यातही हिला विनोद सुचत होते. "जन्मभर मी पाण्यात, आता पाणी माझ्यात. फिटंफाट." पाणी काढलं, पण फुफ्फुसावर व्रण राहिले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. व्रणामागे हवा अडकली तर खाली काही कळणार नाही, पण वर येताना ती फुगते आणि फुफ्फुस फाटतं. "बाकी काय हवं ते करा. हे नाही." आई शहाण्या मुलीसारखी मान डोलावत बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांचं काय जातंय सांगायला?"

आता ती जिना चढताना मधेच थांबते आणि चपलेत खडा गेल्याचं नाटक करते. रोज कुठून येणार गं खडा?

पट्टा बांधताना तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुखलं.

"बाहेर मला दम लागतो," ती म्हणाली. "खाली कधीच नाही लागला. एकदा जाऊन बघू दे. नाहीतर मी काय करू? सांग ना. बाहेर राहून काय करू मी?"

मी शाळा सोडली तेव्हा, 'आता काय करणार?' हाच प्रश्न तिने मला विचारला होता. मी पट्ट्याचं बक्कल आवळलं.

टाकीवरचे साहेब आले. "काय म्हणाले डॉक्टर?"

"जा म्हणाले," आई म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"मग झालं तर. आज काच घासून, चारून, नीट वर या. जमलं की उद्यापासून तुमची टाकी तुम्हाला."

एकट्याने उतरायचं नाही असा नियम आहे. आईचा जोडीदार म्हणजे बेडूक. पाय फेंगडे म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात, आणि तोही ओ देतो. "ताई, मी बाजूलाच राहतो," तो म्हणाला.

"तू पलीकडची काच घे. माझ्या शेपटीला लटकू नकोस."

मी धावत खाली, काचेसमोर. साहेबही आले. मत्स्यालय आज बंद होतं, आम्ही दोघंच उभे.

आणि खरं सांगते, पाठीवर हवेचं नळकांडं घेऊन ती उतरली तेव्हा मला वाटलं, आपणच मूर्ख. ती जिन्यावरची बाई नव्हतीच. ही माझी आई होती. ब्रश असा फिरवत होती जसं काही काल रजा संपली. एक थोराड, ठिपक्याठिपक्यांचा मासा तिच्या काखेशी येऊन थांबला. त्याचं नाव तिने जावईबापू ठेवलंय. कामधाम काही नाही, वेळेवर ताट हवं आणि वर रुसवा. तिने त्याची हनुवटी खाजवली.

मग ब्रश थांबला.

तिचे खांदे एकदा उडाले. तिने साहेबांकडे बघितलं आणि हळूच त्या खोट्या खडकामागे गेली.

"कोपरे घेतेय वाटतं," साहेब म्हणाले.

खडकामागून बुडबुडे येत होते. एरवी तिचे बुडबुडे शांत, एकामागून एक. आज नुसत्या उसळ्या. घरी ती न्हाणीघरात नळ सोडून खोकते, तो खोकला मी भिंतीआडून ऐकलाय. आज तो दिसत होता. जावईबापू सटकन बाहेर पळाला.

आणि बुडबुडे बंद झाले.

पाण्यात श्वास कोंडायचा नाही, हे मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून तिनेच शिकवलंय. ती खोकला दाबत होती. छातीत हवा कोंडून. आणि खडकावरून तिचं डोकं वर सरकायला लागलं.

काचेवर लिहिलंय, काच वाजवू नका. वाजवणाऱ्या पोरांना आईच आतून बोट दाखवून दटावायची. मी दोन्ही मुठींनी वाजवली. मासे उधळले. पलीकडे बेडूक वळला. मी बोट दाखवत किंचाळत होते. आवाज कुठला जायला आत, पण माझं तोंड दिसलं असणार.

त्याने तिला धरून खाली थोपवलं, समोरासमोर. बुडबुडे पुन्हा सुरू झाले, मग तो हळूहळू तिला वर घेऊन गेला. मी वर पोचले तेव्हा ती गुडघ्यांवर होती. टॉवेलवर लाल.

"मी येतच होते वर," ती धापा टाकत म्हणाली. "माझी मी येत होते."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले होते?"

आईने मान हलवली. नाही. केसांतून पाणी गळत होतं, आणि डोळ्यांनी ती माझ्यापुढे हात जोडत होती. माझी आई. माझ्यापुढे.

मी सांगितलं.

"घरभेदी," ती म्हणाली. आणखी बोलायचं होतं तिला, पण दम पुरला नाही.

साहेबांनी तिला कोरडं काम दिलं. काच आता ती बाहेरून पुसते. पोरांच्या बोटांचे ठसे, नाकांचे ठसे. माझ्याशी कामापुरतंच बोलते. संध्याकाळी मी तिला न्यायला जाते आणि खांबापाशी थांबते.

काल जावईबापू काचेपाशी आला होता. तिचं फडकं जिकडे जाईल तिकडे, तोही. तिच्या जागी आलेला नवा माणूस कोपरे सोडतो, तिथे हिरवं शेवाळ धरलंय. आई तिथे वाकली. घासलं. पुन्हा घासलं. डाग आतल्या बाजूला होता. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिने फडक्याची घडी बदलली, काचेवर तोंडाची वाफ सोडली, आणि पुन्हा घासायला लागली.