बांधावरची पंगत

इसवी सन दोन हजार चोवीसच्या डिसेंबर महिन्यातील चौथ्या रविवारी, पहाटे साडेपाच वाजता, पनवेलनजीक करंजाडे वसाहतीच्या कमानीपाशी विनायकराव आपल्या बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधीत होते. वय छप्पन्न, नोकरी सरकारी मसुदे तपासण्याची, आणि स्वभाव असा की दुसऱ्याचा स्वल्पविराम चुकला तरी यांची झोप उडावी. आज तीस किलोमीटर पळायचे होते. चार आठवड्यांनी बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती.

गेली दोन वर्षे घोडे नेमके येथेच अडत आले होते. शेवटचा लांब सराव आटोपला की तिसऱ्या दिवशी घसा धरायचा, पाचव्या दिवशी ताप चढायचा आणि शर्यत घरी बसून टीव्हीवर पाहावी लागायची. मागल्या खेपेस तर खोकला महिनाभर छातीत ठाण मांडून बसला. तेव्हा पत्नीने, नीताताईंनी, निक्षून सांगितले होते, "आता पुन्हा असं झालं ना, तर तुमचे बूट मी भंगारात देईन. मग पळा अनवाणी."

विनायकरावांच्या सरावाच्या वहीत नाडीचे ठोके होते, हवेतील दमटपणा होता, झोपेचे तास होते. खाण्याचा रकाना मात्र नव्हता, कारण पळताना ते कडकडीत उपाशी असत. अन्न मांडी घालून, शांतपणे खावे. उभ्याने किंवा चालता चालता तोंड हलवणे हे गुरांचे लक्षण, असे त्यांच्यावर लहानपणी बिंबवले गेले होते आणि त्यात दुरुस्ती करण्याजोगे काही त्यांना आजवर आढळले नव्हते.

आठवड्यापूर्वी त्यांची पुतणी रुचिरा घरी आली होती. ती वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते.

"काका, दोन-दोन तास उपाशी पळलात की रक्तातली साखर घसरते. शरीराला वाटतं संकट आलं. ताणाची संप्रेरकं उसळतात आणि पांढऱ्या पेशींची घडी काही तास विस्कटते. अधूनमधून पिष्ट किंवा साखर पोटात गेली, तर ती उसळी कमी राहते."

"म्हणजे सर्दी होत नाही?"

"तसं मी म्हटलं नाही. रक्तात फरक दिसतो. त्यामुळे आजारपण टळतंच, हे अजून ठाम सिद्ध झालेलं नाही."

"मग संपलाच वाद!"

"कसा संपला? उपाशी पळून काय साधतं, ते तरी कुठं सिद्ध झालंय?"

वादात हरण्याचा प्रसंग दुर्मीळ असल्यामुळे तो विनायकरावांना आठवडाभर खुपत राहिला.

इतक्यात कमानीपाशी कमळाकरशेठ आले. विनायकरावांचे हे पळण्यातले सोबती. घराण्याच्या चार पिढ्या मिठागरात राबलेल्या. घरच्या शेतावर ही वसाहत उभी राहिल्यावर शेठ स्वतः इमारती बांधू लागले. त्यांच्या कमरेला एक फुगीर पिशवी होती.

दहा किलोमीटर झाले. खाडीच्या बांधावर शेठ थांबले आणि त्यांनी पिशवीतून पोहे-गुळाचा लाडू काढला. "आमच्या घरवालीनं, भामानं दिलेत. घ्या, साहेब."

"मला भूक नाही."

"भुकेची वाट बघता काय? आमचा बापूस सांगायचा, मिठागरात भूक लागल्यावर खाल्लं तं उशीर झाला. मंग हात चालत नाय नि दुसऱ्या दिवशी माणूस उठत नाय."

"ते ठीक आहे, पण उभ्याने मी खात नाही."

"मंग बसा की! बसाया कोन नको बोलला?"

शेठनी गळ्यातला पंचा बांधावर अंथरला. विनायकरावांना आक्षेप घेण्यास जागा उरली नव्हती. त्यांनी रीतसर मांडी घातली, लाडू सावकाश चावून खाल्ला, वर दोन घोट पाणी घेतले. तेवढ्यात तरुण धावपटूंचा एक घोळका बाजूने गेला.

"काका, दमलात का?" एकाने विचारले.

"दमतायत कुठं? साहेबांची पंगत बसलीय!" शेठ ओरडले. "वाढप्या मी हाय!"

विनायकरावांनी घड्याळ पाहिले. भोजनास एक मिनिट पन्नास सेकंद लागले होते. त्यानंतर दर चाळीस मिनिटांनी पंचा अंथरला गेला. एरवी पंचविसाव्या किलोमीटरला त्यांचे शब्द आटत. आज तेथे ते गुळाला साखरेपेक्षा श्रेष्ठ मानावे की नाही यावर शेठशी तावातावाने भांडत होते.

"साहेब, जरा उपाशीच बरे होता," शेठ धापा टाकीत म्हणाले. "कानाला आराम हुता."

घरी आल्यावर नेहमीची हुडहुडी भरली नाही. तिसरा दिवस उजाडला. विनायकरावांनी सकाळपासून दहादा गिळून पाहिले. पाचव्या दिवशी ताप मोजला, नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी चहाच्या टेबलावर वही उघडली, खाण्याचा रकाना आखला आणि आनंद दडवीत म्हणाले, "अर्थात, एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. यंदा हवाही कोरडी आहे. शिवाय रुचिरा स्वतःच म्हणते की..."

"आ करा," नीताताई म्हणाल्या.

त्यांनी मोबाइलचा उजेड घशात टाकला, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि उजेड विझवला.

"घसा साफ आहे. यंदा शर्यतीला जायचं."