त्रेचाळीस दुरुस्त्या

आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक सकाळी दहा वाजता ईमेलने आला, आणि साडेदहापर्यंत माझ्या अकरा वर्षांच्या कामाची विल्हेवाट लागलेली होती.

अंकातली सत्तावीस ते छत्तीस ही पाने माझी होती. अमेरिकन बेसबॉलमधले जे फलंदाज आयुष्यात एकदाच, एका हंगामापुरते, साऱ्या लीगच्या वर गेले आणि पुन्हा तिथवर कधीच पोहोचले नाहीत, त्यांच्यावर मी पुस्तक लिहिले आहे. डंडॉकला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ते मराठीत का लिहावे, हा प्रश्न मला सात प्रकाशकांनी विचारला. आठवे, पुण्याचे नरेंद्र बर्वे, एवढेच म्हणाले होते की, 'एक प्रकरण कुठेतरी छापून येऊ द्या. छापलेले वाचून नोव्हेंबरअखेर ठरवतो.' नववा प्रकाशक मला माहीत नव्हता.

प्रकरण डेट्रॉइटच्या नॉर्म कॅशवर होते. १९६१ साली त्याची सरासरी ०.३६१, लीगमध्ये सर्वोच्च. पुढल्या वर्षी ०.२४३. उरलेल्या तेरा हंगामांत तो ०.३०० ला एकदाही शिवला नाही.

अंकात हे आकडे ३६.१, २४.३ आणि ३० असे छापले होते.

मी संपादकाला फोन लावला. प्रताप शेणोलीकर कॉर्कच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तिथे अपेक्षेबाहेरचा आकडा दिसला की त्याची नोंद करायची, कारण शोधायचे, दुरुस्ती करायची आणि ती इतरांकडून मंजूर करून घ्यायची, अशी शिस्त आहे. गोळ्या बनवण्यासाठी ती उत्तम असावी.

"सर, लेख ग्रँड झालाय ना? सगळ्यात जास्त मेहनत तुमच्यावरच घेतली."

"ते दिसतं आहे. आकडे कुणी बदलले?"

"मीच. सर, दहा पानांत एकाही बॅट्समनची सरासरी एकपर्यंतसुद्धा पोचत नव्हती. आपल्याकडे अकराव्या नंबरचा गडीही दोन-तीन काढतो हो. म्हटलं, टाइप करताना दशांशचिन्ह सरकलं असणार."

"त्रेचाळीस वेळा?"

"म्हणूनच तर शंका आली. सगळीकडे सारखीच चूक, म्हणजे कारण एकच. मग समितीच्या ग्रुपवर मतदान घेतलं."

"मतदान."

"सात विरुद्ध एक. विरोधात फक्त कौमुदीताई, आणि त्यांनी नंतर कळवलं की बोट चुकून लागलं."

बेसबॉलच्या दीडशे वर्षांच्या नोंदी काउंटी कॉर्कमध्ये बहुमताने रद्द झाल्या होत्या, तेही जवळजवळ एकमताने.

"मला का विचारलं नाहीत?"

"दोनदा फोन केला होता, सर. तुमचा मेसेज आला, 'मजकुरावर चर्चा करणार नाही.'"

हे खरे होते. मी फोन ठेवला.

अंक बर्वे यांनाही गेला होता, आणि स्वतःहून खुलासा करणे मला कमीपणाचे वाटले. त्यांचे उत्तर चार दिवसांनी आले. 'छत्तिसाची सरासरी चोविसावर आली, यात एक प्रकरण लिहावे असे काय आहे हे आमच्या वाचकाला समजणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही समजले नाही. आपला व्यासंग वादातीत आहे. क्षमस्व.'

त्या दुपारी मेधा नावनच्या हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली. माझी पत्नी भूलतज्ज्ञ आहे. कोविडच्या त्या वर्षी मास्कचे वळ तिच्या गालांवरून दिवसभर जात नसत. चहाचा कप हातात घेऊन तिने ते उत्तर उभ्याउभ्याच वाचले.

"चारू, हे ०.३६१ म्हणजे नेमकं काय?"

"मेधा, अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं मी नुसती मान डोलावते आहे. सांग."

"शंभरदा बॅट घेऊन उभा राहिला, तर छत्तीसदा फटका मारून सुखरूप पोचला."

"बाकी चौसष्ट वेळा फुकट?"

"साधारणपणे."

"आणि तरी तो पहिला?"

"तरी तो पहिला."

तिने पुन्हा लेख उघडला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. "हे कुठे लिहिलं आहेस?"

कुठेच नव्हते. पहिल्या खर्ड्यात एक परिच्छेद होता. ज्याला एवढेही सांगावे लागते तो माझा वाचकच नव्हे, असे ठरवून मी तो काढून टाकला होता. तिला मी हे सांगितले. तिने चहा संपवला, कप विसळला आणि झोपायला गेली.

संध्याकाळी प्रतापचे शुद्धिपत्र आले. मला न विचारता त्याने ते सगळ्या वाचकांना धाडले होते आणि बर्वे यांनाही, कारण लेखाखालच्या टिपेत मी त्यांचे आभार मानले होते.

'बेसबॉलमध्ये सरासरी धावांची नसते, जमलेल्या फटक्यांची असते, हे शोधून वाचेपर्यंत मला ठाऊक नव्हते. ज्याला दहापैकी चार वेळाही जमले नाही, तो त्या वर्षी लीगमध्ये पहिला होता. पुढल्या वर्षी त्याला दहापैकी अडीच वेळाही जमले नाही. म्हणजे दहा प्रयत्नांमागे साधारण एक फटका कमी पडला, आणि माणूस पुन्हा वर आलाच नाही. सरांचा लेख या एका फटक्याबद्दल आहे. आकडे मी बिघडवले. सर्व त्रेचाळीस खाली दिले आहेत.'

मी त्यात चूक शोधली. एक स्वल्पविराम जास्त होता.

दुसऱ्या दिवशी बर्वे यांचा फोन आला. "चारुदत्तराव, हे शेणोलीकर कोण?"

"कॉर्कमधले केमिस्ट."

"दहातला एक फटका. अहो, हेच तर पुस्तक आहे. हे वाचून तुमचं प्रकरण परत वाचलं, आणि झोप उडाली माझी. मार्चमध्ये काढू. एकच अट, प्रस्तावना त्यांची."

"त्यांना बेसबॉलमधलं काही कळत नाही."

"माझ्या वाचकांना तरी कुठे कळतं? तुमची प्रस्तावना असेल तर मात्र नको."

अकरा वर्षांत मी तीन प्रस्तावना लिहिल्या होत्या. त्यांतली सर्वांत छोटी अठ्ठावीस पानांची होती. मी होकार दिला आणि कॉर्कला फोन लावला.

"मी लिहू, सर?" प्रतापने विचारले. "किती पानं?"

"एक," मी म्हणालो. "आणि मला आधी दाखवू नका. थेट पुण्याला पाठवा."