उजव्या चाकाची रेघ

नानांच्या टेबलाच्या खणात नेलपॉलिशची बाटली होती. गडद लाल, सील न तुटलेली. ती मीच आणली होती, सोळा दिवसांपूर्वी.

मी वर्कशॉपमध्ये आले होते ती भाडेकरार शोधायला. वडिलांच्या मागे जी कामं उरतात त्यांत अशी बरीच असतात. वाल्मीककाका शटरजवळ बसून पाने डिझेलमध्ये धूत होते. वीस वर्षं ते नानांच्या हाताखाली होते आणि आता कोणाच्याच हाताखाली नव्हते. तरी रोज नऊला येऊन शटर उघडत होते.

पेठ रोडवरच्या या जागेत नानांनी एकच काम केलं. पिकअपचा मागचा ॲक्सल उतरवायचा, सगळा उघडायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा बांधायचा. इंजिनाला ते हात लावत नसत. नवी बेअरिंगं ग्रीस भरून बसवली की नट आवळून ते एक रात्र तशीच ठेवत. सकाळी नट सैल करून मापात पुन्हा आवळायचा, चाक ज्यावर चढतं तो हब हाताने फिरवून बघायचा, हलवून बघायचा, मग वॉशरचा कान, त्याच्या कडेची पत्र्याची जीभ, छिन्नीने नटावर वाकवायचा, म्हणजे नट फिरत नाही. हे सगळं मनासारखं झालं की नटावरून वॉशरवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ. नट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटते.

मी आठवीत असताना त्यांनी माझी बाटली पळवली होती. तेव्हापासून बाटली पुरवणं माझ्याकडे. गिऱ्हाइकं विचारायची, "नाना, नखं रंगवता, लिपस्टिक कधी लावणार?" नाना म्हणायचे, "तुझ्या गाडीला नवरदेव मिळाला की."

रेघ दुसऱ्या कोणी मारायची नाही. वाल्मीककाकांनीसुद्धा नाही. त्यांनी सगळा ॲक्सल बांधला असला तरी शेवटी नानांना हाक मारायची.

बाटली हातात धरून मी उभी होते आणि त्या दिवसाचा क्रम मला नीट आठवू लागला. सकाळी नानांचा फोन आला होता, "डावी बाजू झाली. बाटली संपली, येताना आण." संध्याकाळी पाचला मी आले ती बाटली घेऊन, पण खरं म्हणजे त्यांना डॉक्टरकडे न्यायला. छातीत दुखतं असं ते दोन दिवस म्हणत होते आणि पित्त असं स्वतःच ठरवत होते. त्यांनी बाटली खणात टाकली. म्हणाले, "अर्धा तास थांब. उजवी बाजू राहिलीये."

मी म्हणाले, "नट पळून जात नाही, नाना."

त्या रात्रीच ते गेले.

"काका," मी विचारलं, "इथे बुधाची गाडी होती ना? पेठच्या बुधाची?"

"दिली की. पाचव्या दिवशी. दारात येऊन बसला होता. छाटणी चालू झाली, बायका घेऊन जायच्यात म्हणे."

"उजव्या चाकाला रेघ होती?"

पाना धुणारा त्यांचा हात थांबला. "बघितली नाय. मी तर लेकीच्या बाळंतपणाला निफाडला होतो. आलो तर दोन्ही हबांत ग्रीसखाली नट बसलेले, वॉशर बसलेलं. मला वाटलं नानांनी काम पुरं केलं. वरून शाफ्ट घातले, चाकं चढवली, दिली."

"रेघ का नाही बघितली?"

"ते माझं काम नव्हतं, हर्षाली." आवाजात राग नव्हता. "वीस वर्षं नव्हतं."

मी बाटली त्यांच्यासमोर धरली आणि फोनचं सांगितलं. ते बाटलीकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी फडक्याला हात पुसले, खूप वेळ पुसले.

"अकरा दिवस झाले," ते म्हणाले. "निघायचं असतं तर चाक निघालं असतं."

"तुम्हाला असं खरंच वाटतं?"

त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं. बुधा रोज पहाटे पेठकडच्या पाड्यांवरून वीस-बावीस बायका पिकअपमध्ये उभ्या करून निफाडच्या द्राक्षबागांत नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. जाताना आणि येताना सावळघाट. हे मला माहीत होतं, त्यांना माझ्याहून जास्त.

मी फोन काढला. काका जवळ आले. "फोडून सांगू नको लगेच. सर्व्हिसिंग राहिली म्हण. गाडी इकडे बोलाव, आपण गुपचूप बघून घेऊ. नानांचं तेरावं होऊन तीन दिवस नाय झाले. लोक काय म्हणतील?"

मला मोह झाला. खोटं सांगितलं असतं तर गाडी आलीच असती, आणि बायका भरूनच आली असती.

बुधाने लगेच उचलला. "बोला ताई. गाडी एकदम लोण्यावानी चालती बघा."

"उजवं चाक गरम होतं का?"

"घाट उतरल्यावर होतंच की. वास येतो जरासा. का?"

"बुधाभाऊ, गाडी हलवू नका. बायका बसवू नका. उजव्या चाकाचा नट आवळायचा राहिलाय, असं वाटतंय. आम्ही तिकडे येतो."

पलीकडे बायकांचे आवाज येत होते. मग तो म्हणाला, "नानांच्या हातचं काम हाय ना ते?"

"हो," मी म्हणाले.

माझ्या गाडीत जॅक, मोठा पाना, नवं वॉशर, ग्रीसचा डबा ठेवून आम्ही निघालो. बाटली मी पर्समध्ये टाकली. आडगाव मागे पडलं.

"दोष माझा हे," काका म्हणाले.

"मी त्यांना उठवून नेलं."

"दुखत होतं ना त्यांना?"

"हो."

"मग न्यायलाच पायजे होतं." खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "अर्धा तास थांबली असती तर?"

"ते मला माहीत नाही, काका."

हा प्रश्न मी रोज दोन्ही बाजूंनी विचारत होते. अर्धा तास आधी नेलं असतं तर ते वाचले असते का, आणि अर्धा तास थांबले असते तर त्यांचं काम तरी पुरं झालं असतं का. दुसरा विचार येतो याची मला लाज वाटत होती.

बागेच्या कडेला लिंबाखाली पिकअप उभी होती. छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना फुटव्याची पेस्ट लावून बायका परतल्या होत्या, हातमोजे काढून हात धूत होत्या. बुधा चाकाशी उकिडवा बसला होता. माझ्याएवढाच असेल, पस्तिशीचा. त्याने नमस्कार केला नाही. फक्त बोटाने दाखवलं. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळून टायरवर काळा पट्टा पडला होता.

काकांनी जॅक लावला, चाक उतरवलं, शाफ्टचे बोल्ट काढले. शाफ्ट ओढला तेव्हा पातळ झालेलं, जळक्या वासाचं ग्रीस बाहेर आलं. त्यांनी आत बोट घातलं. नट बोटानेच फिरला.

वॉशरचा कान सरळ होता. रेघ नव्हती.

 काकांनी हब धरून हलवला, तो खटखट वाजला. बुधाने तो आवाज ऐकला, मग वळून बायकांकडे पाहिलं. त्यांतली एक म्हातारी, गोजराबाई, पुढे आली आणि वाकून आत बघू लागली.

"काय झालं रं?"

"चाक निघालं असतं, मावशे."

"कवा?"

"ते काय सांगून निघतं?"

"मंग आज मी पुढं बसते," गोजराबाई म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. बुधा हसला नाही.

मी त्याच्याजवळ गेले. "नाना ते काम त्या दिवशीच करणार होते, ते राहिलं. संध्याकाळी मी त्यांना दवाखान्यात नेलं. आणि गाडी देताना आमच्यापैकी कोणी बघितलं नाही."

"माणूस गेलं, ताई. मी काय बोलू?" तो म्हणाला. मग हळूच, "पण डावं पण उघडा."

काका म्हणाले, "डाव्याला रेघ हे. नानांनी स्वतः मारली. बेअरिंग चांगलं बसलेलं असताना कशाला..."

"उघडा."

त्याने आवाज चढवला नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. नानांच्या कामावर, रेघ असताना, कोणी असं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मान हलवली.

डावं चाक उतरलं. शाफ्ट निघाला. फडक्याने ग्रीस पुसल्यावर रेघ दिसली. नटावरून वॉशरवर गेलेली, सरळ, केसाइतकी बारीक, कुठेही न तुटलेली. त्यांनी त्या दिवशी सकाळी मारलेली. कोरड्या होत चाललेल्या ब्रशने इतकी बारीक रेघ काढताना त्यांनी श्वास धरला असेल. ते नेहमी धरत.

काकांनी छिन्नीने वॉशरचा कान सरळ केला आणि पाना लावला. नट निघायला त्यांना दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. रेघ तुटली. मी तेव्हा दुसरीकडे बघत होते, तरी मला कळलं.

"ठीक होतं हे," काका म्हणाले.

"हां," बुधा म्हणाला.

उजव्या बाजूची बेअरिंगं अजून कामाची होती, आणि चालून बसलेली, म्हणून रात्रभर ठेवायची गरज नव्हती. तेल अडवणारं सील मात्र गेलं होतं. ते आणायला बुधा कोणाची तरी मोटारसायकल घेऊन निफाडला जाऊन आला. काकांनी ब्रेकवरचं तेल पेट्रोलने धुतलं, दोन्ही हब ग्रीसने भरले, नट आवळले, फिरवले, सैल केले, पुन्हा मापात आवळले. कान वाकवले. उन्हं कलली होती. बायका बांधावर बसून शेंगदाणे खात होत्या.

काका उठून बाजूला झाले आणि सवयीने मागे बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मग माझ्याकडे वळले.

"मार," ते म्हणाले. "तू मार रेघ."

मी बाटलीचं सील तोडलं. मग हबवर हात ठेवून नाना फिरवत तसा फिरवला. गार, जड, सलग फिरत होता. खाली-वर हलवून पाहिला. हलला नाही, की हलला? मी पुन्हा पाहिलं. बुधा माझ्या हाताकडे बघत होता.

"मला यातलं कळत नाही," मी म्हणाले. "मी मारली तर तो नुसता रंग होईल."

 मी बाटली काकांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"तुम्हाला कळतं?" बुधाने त्यांना विचारलं.

काकांनी पुन्हा गुडघे टेकले. उजवा हब फिरवला, दोन्ही हातांनी धरून हलवला, डोळे मिटून. मग डावा. दोन्हीला त्यांनी फार वेळ घेतला. मग मागे न बघता हात पुढे केला आणि मी त्यात बाटली ठेवली.

त्यांची बोटं जाड, ब्रश एवढासा. रेघ रुंद आली, शेवटी थोडी वाकडी झाली. बुधाने मोबाईलचा उजेड आत धरला, दोन्ही बाजूंना वाकून बघितलं आणि म्हणाला, "घाला शाफ्ट."

चाकं चढल्यावर तो एकटाच गाडी घेऊन बागेच्या वाटेने दूरपर्यंत गेला आणि आला. खाली उतरून उजव्या चाकाला हात लावला. डाव्याला लावला. मग बायकांना म्हणाला, "चला."

गोजराबाई खरोखरच पुढे बसली. गाडी रस्त्याला लागताना बुधाने मला सांगितलं, "घाट उतरून खाली परत एकदा बघीन." ते आश्वासन होतं की अविश्वास, मी विचारलं नाही.

परतताना काकांनी बाटली मला दिली नाही. शर्टाच्या खिशात ती सरळ उभी राहावी म्हणून वरून हात धरून ते बसले होते.

"अजून कोणाच्या गाड्या दिल्या मधल्या दिवसांत?" मी विचारलं.

"दोन," ते म्हणाले. "दोन्हीच्या रेघा मी बघितल्या नायत."

मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि त्यांना फोन नंबर विचारले.